माझा चेहरा दिसेपर्यंत

५ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

(वन्सं म्हटलं की तू फणकारतेस, म्हणून ठमीच.)

तुझे फोन येऊन गेले, पाहिले. उचलले नाहीत म्हणून फुगू नकोस. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची संकटं ऐकली की घरी आल्यावर कोणाचाच आवाज नको होतो, अगदी लाडक्या नणंदेचासुद्धा. म्हणून तर आपण दोघी या जमान्यात मेलवर लांबलचक पत्रं लिहितो आणि तुझा दादा विचारतो, "निबंध स्पर्धा आहे का?" आज त्याने विचारलं नाही. आल्यापासून मी दाराची कडी पुन्हापुन्हा तपासतेय, ते तो नुसता बघत बसलाय.

काय झालं ते सांगते. मदतीचे फोन घेणाऱ्या आमच्या कंट्रोल रूमसाठी तू नवी स्क्रीन केलीस. आधी आमच्यापर्यंत फक्त आवाज यायचा. आता अडचणीत सापडलेला माणूस लिहू शकतो, फोटो पाठवू शकतो, आम्ही बटण दाबलं की त्याच्या फोनच्या कॅमेऱ्यातून तिकडचं दिसतं. आणि ते दुसरं बटण, 'चेहरा'. ते दाबलं की आम्ही त्याला दिसतो. हे बटण तुझ्या मागे लागून मीच करून घेतलं होतं. लोक सारखं विचारतात, "आहात ना? ठेवला नाहीत ना?" चेहरा दिसला की विचारत नाहीत. तू तेव्हा कुरकुरली होतीस, की वहिनी, चेहरा त्यांना दिसेल म्हणजे कोणालाही दिसेल. मी म्हटलं, दिसू दे की, मी काय कुरूप आहे?

आज दुपारी जेवून येऊन बसले आणि एक फोन आला. आवाज नाही, कॅमेरा लावला तर स्क्रीन काळी. असे रिकामे फोन ढिगाने येतात. खिशात बटण दाबलं जातं, पोरं खेळतात. मी ठेवणार, तेवढ्यात उचकी ऐकू आली.

एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची असेल. कपाटात लपली होती. नाव सांगेना, म्हणून मी तिला बिटकी म्हटलं. आई स्वयंपाकघरात पडलीय, उठत नाही, आणि "तो" घरभर शोधतोय. तो म्हणजे बाप नव्हे, आईबरोबर राहणारा माणूस. पत्ता मात्र तिने एका दमात म्हणून दाखवला, आईने पाठ करून घेतला होता. पोलिसांची गाडी निघाली. पण हिच्या उचक्या थांबेनात आणि त्या शांत घरात उचकी म्हणजे केवढा आवाज! मी म्हटलं, फ्रॉकची बाही दातात धर. उचकी लागली की कोणीतरी आपली आठवण काढत असतं, माहीत आहे ना? ती म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "मी."

तशी ती रडायलाच लागली. म्हणून मी 'चेहरा' दाबलं.

फोनच्या उजेडात मला तिचे डोळे दिसले आणि दातांतली बाही. मी दिसले तशी ती गप्प झाली. मी सांगितलं, "बिटकी, आता कोणी हाक मारली, गोड बोललं, पोलीस आहे म्हणालं, तरी बोलायचं नाही. माझा चेहरा दिसेपर्यंत कोणाशीही बोलायचं नाही. कळलं?" तिने मान हलवली.

मग कपाटाचं दार उघडलं.

ठमे, त्याने फोन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगेच बटण बंद करायला हवं होतं. एवढी वर्षं हे काम करतेय, पण हात हललाच नाही. तो रागावलेलासुद्धा नव्हता. सावकाश पाहिलं त्याने. चेहऱ्याखाली माझं नाव येतं ना, ते ओठ हलवत वाचलं. "असं होय," म्हणाला. मग सगळं बंद.

गाडी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. आई बेशुद्ध होती, तिला दवाखान्यात नेलंय. फोन फरशीवर फुटलेला. मुलगी नाही आणि तोही नाही.

त्याला माझा चेहरा माहीत आहे, माझं नाव माहीत आहे. आणि ती पोरगी कुठे आहे, ते मला माहीत नाही. यातल्या कशाची भीती जास्त वाटतेय ते कळेना झालंय.

तुझी,
वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचलं. पहिलं काम केलं ते म्हणजे चेहऱ्याखालचं नाव उडवलं. ते मुळात हवंच कशाला होतं, असं आता सगळे मला विचारतायत. जणू बैठकीत माना डोलावणारे दुसरेच कोणी होते! कुरूप तू नाहीस गं, तोच तर घोळ झाला.

त्या माणसामागे पोलीस आहेत, त्यालाच पळता भुई थोडी झालेली असणार. तुझ्यामागे यायला त्याला सवड कुठली? हे मी तुला सांगतेय की स्वतःला, ते विचारू नकोस.

तुमच्याकडच्या फोनची रेकॉर्डिंग आमच्याकडे तपासायला येतात. 'चेहरा' कोण कधी दाबतं, समोरच्याला त्याचा उपयोग होतो का, हे मी बघत असते. या आठवड्याचीही बघतेय. विशेष काही नाही.

पण वहिनी, माझं एक ऐक. रजा टाक. पंधरा दिवस तिकडे पाऊल टाकू नकोस. साहेब कुरकुरले तर मी बोलेन त्यांच्याशी. दादाला म्हणावं, तुला घेऊन इकडे ये. माझ्या घरात पसारा आहे, पण एक गादी रिकामी आहे. खरंच ये.

तुझी,
ठमी


१० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझी गादी तुझ्यापाशीच राहू दे. मागच्या वेळी त्या गादीने माझी कंबर धरली होती.

रजा घेतली नाही. घरी बसले तर वेड लागेल. पण कामावर जायचं म्हणजे काय, ते ऐक. बसमध्ये शेजारी कोणी बसलं की आधी त्याचे हात बघते. चेहरा बघायचा धीर होत नाही, कारण खरं सांगू का, त्याचा चेहरा मला नीट आठवतच नाहीये. त्याने माझा पाठ केला आणि मी मात्र विसरले. काल औषधाच्या दुकानात मागून कोणीतरी कोणाला तरी "असं होय" म्हणालं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. वळून पाहिलं तर बिचारे काठी टेकत आलेले आजोबा होते. मला म्हणतात, "बाई, बरं वाटत नाहीये का?" हसावं की रडावं, कळेना.

कामावर मी 'चेहरा' दाबायचं सोडलंय. लोक विचारतात, "आहात ना?" मी नुसती "आहे, आहे" म्हणत राहते. पूर्वीसारखं.

आमचा टकलू मात्र नेहमीसारखाच. (तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्याला आम्ही तोंडावरच टकलू म्हणतो.) काल म्हणाला, "वहिनी, माझं थोबाड एवढं वाईट आहे का हो? रिकामा फोन येतो, मी आपला 'चेहरा' दाबतो, आणि मला बघितलं की समोरचा फोन ठेवतो. दोनदा झालं." सगळे हसले. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

मुलीचा पत्ता नाही. आई अजून शुद्धीवर आलेली नाही. तपासाच्या इन्स्पेक्टर बाई रोज एकदा फोन करतात आणि "चालू आहे" एवढंच सांगतात.

एक विचारू? तू कामाच्या बाबतीत कधी कोणाला रजा घे म्हणणारी नाहीस. तापात लॅपटॉप पोटावर ठेवून बसतेस. मग माझ्या रजेच्या एवढी मागे का लागलीस?

तुझी,
वहिनी


१० फेब्रुवारी, लगेचच

वहिनी,

आता लपवण्यात अर्थ नाही. टकलूचं वाचल्यावर तर नाहीच.

'विशेष काही नाही' हे मी तुला खोटं लिहिलं. त्या घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून एकाच नंबरवरून तुमच्याकडे रिकामे फोन येतायत. कधी या टेबलावर पडतात, कधी त्या. ढिगात कोणाच्या लक्षात आलं नाही, मला आलं, कारण मी फक्त 'चेहरा' दाबल्यानंतर काय होतं तेच बघत होते. प्रत्येक वेळी तेच. तिकडचा कॅमेरा काळा, कोणीतरी मुद्दाम बोट ठेवल्यासारखा. तुमच्यापैकी कोणाचा तरी चेहरा दिसतो आणि फोन कट. टकलू, ती चष्मेवाली, नवा आलेला मुलगा, सगळ्यांना बघून झालंय. फोन एवढ्या लवकर कट होतो की पत्ता लागेपर्यंत टिकतच नाही.

तो एकेक चेहरा तपासतोय, वहिनी. ज्याला बघायचंय तो चेहरा अजून त्याला दिसलेला नाही. आणि दिसलेला नाही, तो केवळ तू बटण दाबायचं सोडलंस म्हणून.

शुद्धीतही नसतो बहुतेक. दोन रेकॉर्डिंगमध्ये दारुड्यासारखी उचकी ऐकू येते, दाबून धरलेली. 

हे तुला सांगायला मी घाबरले. वाटलं, रजेवर गेलीस की सगळं आपोआप टळेल. चुकलं माझं. तुमच्या साहेबांना आणि इन्स्पेक्टर बाईंना आत्ताच कळवलंय. नंबर खोट्या नावावर घेतलेला आहे आणि एरवी फोन बंदच असतो म्हणे. उद्यापासून तू घरीच राहायचंस, असं तेही म्हणतायत. दार लाव. दादाला घरी थांबव.

ठमी


११ फेब्रुवारी

ठमे,

तुझा राग आला. अजूनही आहे. मी रोज तिथे बसत होते आणि तू गप्प राहिलीस. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं, म्हणून जास्त बोलत नाही.

घरी आहे. पडदे ओढलेत. तुझा दादा पुढच्या खोलीत पेपर उघडून बसलाय, पान उलटल्याचा आवाज मात्र तासाभरात आलेला नाही. जिन्यात पाय वाजले की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि मग पाय वरच्या मजल्यावर निघून जातात.

सकाळी इन्स्पेक्टर बाई आल्या होत्या. मुलीची आई शुद्धीवर आली, तेवढी एक चांगली बातमी. बोलता येतं, पण थोडंच. बाईंनी तिला त्या माणसाच्या सवयी विचारल्या, कुठे जातो, कोणाकडे उतरतो. दारूच्या गुत्त्यांवर शोधायचं का, म्हणून तेही विचारलं. तर ती म्हणाली, तो थेंबसुद्धा घेत नाही. कधीच नाही. जे करतो ते शुद्धीत करतो. हे ऐकून माझी भीती कमी व्हायची सोडून वाढलीच. शुद्धीतला माणूस शांतपणे एकेक चेहरा तपासत

थांब.

तो पीत नाही, ठमे. मग उचकी कोणाची?

दाबून धरलेली म्हणालीस. दातात बाही धरून दाबलेली?

अगं, मीच सांगितलं होतं तिला. माझा चेहरा दिसेपर्यंत कोणाशीही बोलायचं नाही. पोलीस म्हणाला तरी नाही. ती टकलूला बघून फोन ठेवते, चष्मेवालीला बघून ठेवते. मला शोधतेय ती. आणि मी इथे पडदे ओढून बसलेय!

हे पत्र तसंच पाठवतेय. आणि तुला फोन करतेय. हो, फोन. उचल.


१३ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडत होतो, नीट काही बोलणं झालंच नाही. तुझ्या बाजूला तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूला काय झालं, ते लिहून ठेवते. 

तुझा दादा दारात आडवा उभा राहिला. "तुझा अंदाज चुकला तर? तोच असला तर?" मी म्हटलं, असेल. त्याने चपला घातल्या आणि मला पोचवायला आला. वाटेत सबंध रस्ता माझा दंड धरून चालला, सुटेन की काय अशा भीतीने.

साहेब आधी "नियमात बसत नाही" म्हणाले. इन्स्पेक्टर बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे बसवायला तयार झाले. तू तिकडून तो नंबर थेट माझ्या टेबलावर येईल असं केलंस आणि आम्ही वाट बघत बसलो. टकलूने पाणी आणून ठेवलं. कोणी विनोद केला नाही. संध्याकाळ होत आली तरी फोन नाही. मला वाटायला लागलं, उशीर झाला. मी इतके दिवस बटण दाबलं नाही, तेवढ्या दिवसांत सगळं संपलं.

आणि तो नंबर आला.

काळी स्क्रीन. आवाज नाही, उचकीसुद्धा नाही. ठमे, तेव्हा मला वाटलं, आपण चुकलो. हा तोच आहे, शांत, शुद्धीतला. मी बटण दाबायचं आणि त्याने "असं होय" म्हणायचं. हात पुन्हा हलेना. खरंच सांगते, त्या क्षणी मुलीचा विचार मनात नव्हता, फक्त स्वतःचाच होता. मग इन्स्पेक्टर बाई कानाशी म्हणाल्या, "तिकडून ठेवतील हो." आणि मी दाबलं.

काहीच झालं नाही. फोन कट झाला नाही. मग काळ्या स्क्रीनच्या कडेला थोडा उजेड आला. बोट बाजूला झालं. डोळा दिसला.

ती म्हणाली, "मी कोणाशीच बोलले नाही, काकू."

शाबासकीची वाट बघत होती गं. मी "शाबास" म्हटलं. कसं म्हटलं, ते विचारू नकोस.

एका लॉजच्या न्हाणीघरात होती. तो दुपारी झोपला किंवा खाली जेवण आणायला गेला, की त्याचा बंद ठेवलेला फोन घेऊन चालू करायची. कुलूप लावलेल्या फोनवरूनही आमचा नंबर लागतो, हे तिला आईने शिकवलेलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायची, कारण मागच्या वेळी मी दिसले आणि लगेच कपाट उघडलं. तिच्या हिशेबाने ती तेव्हा दिसली म्हणून सापडली, म्हणून या वेळी दिसायचं नाही. त्या दिवशी तो जिन्याखाली कोणाशी तरी बोलत उभा होता. मी तिला बोलत ठेवलं. फ्रॉकचा रंग विचारला, न्हाणीघरातल्या बादलीचा रंग विचारला. नकाशावरचा ठिपका इकडे तिकडे उड्या मारून शेवटी एका इमारतीवर बसला. जवळच्या चौकीतून गाडी सुटली.

आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की आता दारातून जी येईल तिच्याशी ही बोलणारच नाही. कडी उघडणार नाही. तिला तसं सांगून ठेवणारी मीच. मी म्हटलं, "बिटकी, आता एक पोलीस बाई येतील." तिने लगेच मान हलवली, नाही म्हणून. "तुम्ही म्हणालात, फक्त तुमचा चेहरा." मी त्या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं. कशी दिसते, ते काय सांगू?

तेव्हा तू फोनवर ओरडलीस, "फोटो पाठवा, तिचा फोटो पाठवा!" इन्स्पेक्टर बाईंनी तो चौकीतून मागवून पाठवला आणि तू माझ्या चेहऱ्याशेजारी लावलास. ओळखपत्रावरचा, कसला भयाण फोटो तो! बिटकीने बघितला आणि म्हणाली, "ह्या रागावल्यात का?" मी म्हटलं, "नाही गं, फोटो काढताना सगळेच असे दिसतात. या आल्या की कडी काढायची. आता यांच्याशी बोल. मी सांगतेय."

खाली आरडाओरडा झाला. तो जिन्यातून वर पळत होता, हे मला पावलांवरून कळलं. बाहेरचं दार आपटलं. न्हाणीघराच्या दारावर कोणीतरी थाप मारली. बिटकीने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं कोण आहे. मी म्हटलं, "थांब. आवाज नको." पुन्हा थाप. मग दाराखालच्या फटीतून एक ओळखपत्र आत सरकलं. तोच फोटो. तिने तो स्क्रीनवरच्या फोटोशेजारी धरून नीट ताडून पाहिला, बँकेतल्या माणसासारखा. मग फोन फरशीवर ठेवला आणि कडी काढली. मला फक्त छत दिसत होतं. आणि आवाज आला, "तुम्ही खरंच रागावला नाहीत ना?"

ती आईजवळ आहे आता. त्याला तिथेच धरलं, आता कोठडीत आहे. तरी आज बसमध्ये मी शेजारच्याचे हात पाहिले. हे काही इतक्यात जायचं नाही.

एक काम कर माझं. मी तिला जे सांगितलं, ते दुसरी कोणीही उद्या सांगेल. घाबरलेल्या पोराला धीर द्यायला तोंडातून हेच निघतं. ते परत घ्यायला काहीतरी कर.

तुझी,
वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

केलं. 'चेहरा'च्या शेजारी नवं बटण आहे. ते दाबलं की तुझ्या बाजूला दुसरा चेहरा येतो, जो माणूस दारात येणार आहे त्याचा. मग तुझा हळूहळू लहान होतो आणि त्याचा मोठा. एकदम जात नाहीस, कोपऱ्यात शेवटपर्यंत असतेस. काळी स्क्रीन असलेले फोन एकाच नंबरवरून पुन्हा आले, तर आता ढिगात पडत नाहीत, लाल होऊन वर येतात. आणि तुम्हाला नको असेल तेव्हा कॅमेऱ्यासमोरून नुसता हात फिरवला की चेहरा बंद. बटण शोधावं लागत नाही. हात हलेना झाला तर मान वळवली तरी चालतं.

बटणाला नाव काय द्यायचं यावर इथे बैठका झाल्या. 'हस्तांतरण' म्हणे. मी ऐकलं नाही. त्यावर लिहिलंय, 'आता यांच्याशी बोल'.

काल दुपारी ते पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा तुझी पाळी आहे हे बघूनच मी इथून तुझ्या टेबलावर चाचणीचा फोन लावला. तुला सांगितलं नव्हतं, सॉरी. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं आणि गप्प बसले. मला ठाऊक होतं की तो फोन माझाच आहे, कोणी मागे लागलेलं नाही, दार आतून लावलेलं आहे. तरी फोन ठेवून द्यावासा वाटला. तिकडे तूही थांबलीस. तुझा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, नाही दाबणार, आणि नाही दाबलंस तरी मी तुला एक शब्द बोलणार नव्हते.

मग तुझा चेहरा आला. मी बोट काढलं.

तुझी,
ठमी